गरब्याच्या मैदानावर बेसवादकाने इन-इयर मॉनिटर लावावेत का, आणि इफेक्ट किती ठेवावेत?

खर्जातला_षड्ज

सर्वांना नमस्कार. मी वडोदऱ्यात एका गरबा वृंदात बेस गिटार वाजवतो. वर्षभर लग्नसमारंभ, गणेशोत्सवातले कार्यक्रम आणि अधूनमधून सभागृहातल्या मैफली असतात, पण आमच्या वादनाचा खरा कस नवरात्रातच लागतो. आजवर मी अ‍ॅम्प्लिफायर पाठीमागे ठेवूनच वाजवत आलो आहे. या वर्षी आयोजकांनी आणि साउंडवाल्यांनी मिळून असे ठरवले आहे की मंचावर एकही अ‍ॅम्प्लिफायर किंवा जमिनीवरचा मॉनिटर (वादकांना स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) राहणार नाही आणि प्रत्येक वादकाला व गायकाला कानातले मॉनिटर दिले जातील.

माझ्यापुढे दोन प्रश्न आहेत. पहिला असा की, बेसची सर्वांत जाड तार उघडी वाजवली तर तिचा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा असतो. एवढा खोल स्वर कानातले इवलेसे यंत्र खरोखर ऐकवू शकते का, की मला फक्त बोटांची टकटक ऐकत वाजवावे लागेल? दुसरा प्रश्न पेडलबोर्डाचा, म्हणजे पायाने चालवायच्या इफेक्टच्या यंत्रांचा आहे. माझ्याकडे कॉम्प्रेसर (आवाजाची चढउतार आवरणारा), ओव्हरड्राइव्ह (स्वर मुद्दाम फाडणारा), ऑक्टेव्ह (सप्तकभर खालचा स्वर जोडणारा), कोरस (स्वर दाट व हलता करणारा) आणि एन्व्हलप फिल्टर (आघाताच्या जोरानुसार स्वराचा रंग बदलणारा) अशी पाच पेडल्स आहेत, आणि ती सगळी अ‍ॅम्प्लिफायरसमोर उभे राहून जुळवलेली आहेत. तालमीत इन-इयर लावून पाहिले, तेव्हा ओव्हरड्राइव्ह अगदी करकरीत आणि कोरस पोकळ वाटला. यांतले काय ठेवावे आणि काय घरी ठेवून जावे?

माझे मत आधीच सांगतो. गरब्यात बेसवादकाचे पहिले नाते ढोलाशी असते आणि ते सैल करणारी कोणतीही सोय मला नको आहे. अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कारेलीबागकर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय ‘होय’ असे आहे, मात्र एका अटीवर. कानाची नळी पूर्ण बंद झाली पाहिजे. बंद नळीतली हवा इतकी थोडी असते की यंत्रातला लहानसा पडदासुद्धा तिच्यात ३०-४० हर्ट्झचा दाब सहज निर्माण करतो. पण कडेने जराशी फट राहिली की सर्वांत आधी खर्ज निसटतो आणि मधले व वरचे स्वर तसेच राहतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला यंत्रच हलक्या प्रतीचे आहे असे वाटते. तालमीत तुम्हाला टकटक ऐकू आली असेल, तर आधी टिप्स बदलून पाहा. सोबत आलेल्या सिलिकॉनच्या टिप्सऐवजी फोमच्या टिप्स बोटांनी दाबून आत बसवाव्यात आणि त्या फुगेपर्यंत धरून ठेवाव्यात. दोन कानांना वेगवेगळ्या आकाराची टिप लागणे अगदी नेहमीचे आहे.

ध्वनिमित्र

मी वादक नाही, मिक्सरच्या मागे बसतो. कारेलीबागकर यांनी घट्ट बसण्याबद्दल लिहिले ते शंभर टक्के खरे आहे. मी मैदानाच्या बाजूने थोडे लिहितो, कारण अ‍ॅम्प्लिफायर हवा की इन-इयर, हा प्रश्न मुळात मैदानामुळेच निर्माण होतो.

नवलखीसारख्या मोठ्या मैदानावर सबवूफर (खर्जाचे स्पीकर) मंचाच्या खाली किंवा पुढे जमिनीवर असतात आणि टॉप (मधल्या व वरच्या स्वरांचे स्पीकर) उंच टांगलेले असतात. टॉपचा आवाज पुढे जातो, परंतु खर्जाला दिशा नसते. ४१ हर्ट्झच्या लहरीची लांबी ८ मीटरहून अधिक असते, त्यामुळे ती मंचाला वळसा घालून मागे येते. मंचावर उभ्या असलेल्या बेसवादकाला स्वतःच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज, सबवूफरचा मागे आलेला आवाज आणि लांबच्या खांबांवरून परतलेला आवाज असे तिन्ही मिळून ऐकू येतात. आवाजाला एक मीटर कापायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे १७ मीटरवरच्या स्पीकरचा आवाज ५० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. चढत्या हींचमध्ये (गरब्याचा नेहमीचा ताल) एवढा उशीर म्हणजे ठेका सरळ मागे खेचला जाणे. चांगले वादक नकळत त्या उशिरा आलेल्या आवाजाशी जुळवून घेतात, आणि मग ढोल एकीकडे व बेस दुसरीकडे अशी अवस्था मला मिक्सरवर स्पष्ट दिसते.

इन-इयरमुळे ही तिन्ही भांडणे एकदम मिटतात. तुम्हाला फक्त तारेतून निघालेला स्वर मिळतो आणि तोही त्याच क्षणी. मात्र तुमच्यासाठी स्वतंत्र ऑक्झ मिक्स (मिक्सरवरून फक्त तुमच्या कानात जाणारे मिश्रण) असला पाहिजे आणि तो प्री-फेडर असला पाहिजे, म्हणजे मी प्रेक्षकांसाठी फेडर हलवला तरी तुमच्या कानात काही बदलणार नाही. बेहरिंजर एक्स३२ सारख्या मिक्सरवर १६ मिक्स बस असतात. त्यामुळे सात-आठ जणांच्या वृंदाला प्रत्येकी एक मोनो मिक्स सहज देता येतो आणि दोघाचौघांना स्टिरिओसुद्धा देता येतो. शक्य असेल तर बेसवादकाने स्टिरिओ मागावा. ढोल जरा डावीकडे, कीबोर्ड उजवीकडे आणि गायक व बेस मध्यभागी असे वाटून घेतले की कमी आवाजातही प्रत्येक जण वेगळा ऐकू येतो. मोनोमध्ये सगळे एकमेकांवर बसतात आणि मग प्रत्येक वादक ‘मला वाढवा’ असे म्हणत राहतो.

रावपुरा_रसिक

मी या बदलाशी सहमत नाही, आणि माझा विरोध केवळ सवयीपोटी आलेला नाही. बेस हे वाद्य कानाइतकेच पोटाने आणि पायांनी ऐकायचे असते. अ‍ॅम्प्लिफायरसमोर उभे राहिल्यावर हवा अंगावर येते, तारेवरचा दाब किती हवा हे बोटांना त्यातून कळते आणि स्वर किती वेळ धरायचा याचा अंदाज त्या हवेवरून येतो. कानात बंद केलेल्या आवाजाने हे मिळत नाही. इन-इयर लावलेले अनेक वादक मी पाहिले आहेत. ते अचूक वाजवतात, पण एकमेकांकडे पाहत नाहीत आणि मैदानाकडे तर मुळीच पाहत नाहीत. खेलैयांचे (गरबा खेळणाऱ्यांचे) वर्तुळ कोणत्या क्षणी रंगात आले, टाळी कुठे एकसाथ पडली, हे ज्याला ऐकूच येत नाही त्याने गरबा कसा वाजवावा? ध्वनिमित्र यांचे गणित बरोबर असेल, परंतु चांगला वादक स्वतःच्या अ‍ॅम्प्लिफायरजवळ एक मीटरवर उभा राहिला तर तो उशीर त्याला फारसा छळत नाही.

पाचवी_तार

रावपुरा_रसिक यांचा मुद्दा मी गंभीरपणे घेतो, कारण अंगावर येणाऱ्या हवेची उणीव खरी आहे. पण तिच्यावर उपाय आहेत. पायाखाली लहानशी फळी ठेवून तिच्या तळाला कंपन देणारे यंत्र बसवतात. ड्रमवादकांच्या आसनाखाली बटकिकर नावाचे असे यंत्र लावतात, तेच तत्त्व. बेसवादकांसाठी अशा तयार फळ्याही मिळतात. स्वर कानातून आणि कंपन तळपायांतून आले की मेंदू दोन्ही जोडून घेतो. माझ्या पाच तारांच्या बेसवर सर्वांत खालचा स्वर सुमारे ३१ हर्ट्झचा आहे आणि तो मला कानापेक्षा पायांनीच अधिक कळतो.

शिवाय मोठ्या मैदानावर सबवूफर जवळच असतात आणि लाकडी मंच स्वतःच थरथरतो. त्यामुळे पुष्कळदा वेगळी फळीही लागत नाही. अशा ठिकाणी कानातला खर्ज उलट थोडा कमीच ठेवावा, कारण तो शरीरातून आधीच पोहोचलेला असतो.

हींचताल

मी ढोल वाजवतो, म्हणून ज्या नात्याचा उल्लेख धागाकर्त्यांनी केला त्याबद्दल लिहितो. ढोलाला दोन तोंडे असतात आणि चांगले साउंडवाले दोन्ही बाजूंना वेगवेगळे माइक लावतात. बेसवादक बहुधा ‘ढोल द्या’ एवढेच सांगतात आणि त्यांच्या कानात जाड बाजूचा घुमारा येतो. तो घुमारा आणि बेसचे खालचे स्वर एकाच पट्ट्यात असल्यामुळे दोन्ही गढूळ होतात. तुम्ही बारीक काठीच्या बाजूचा माइक मागा. ठेक्याचे सगळे कोपरे त्या काठीत असतात. जाड बाजूचा माइक अगदी थोडा, केवळ सम ओळखू येईल इतका ठेवा. हे केल्यापासून आमच्या वृंदातला बेसवादक आणि मी एकमेकांना अधिक जवळून ऐकतो, आणि हे मी मनापासून सांगतो.

मैदानाच्या टाळीबद्दल रावपुरा_रसिक यांनी लिहिले ते मला पटते. त्यासाठी मंचाच्या दोन्ही कडांना मैदानाकडे तोंड केलेले दोन माइक लावून त्यांचा आवाज फक्त वादकांच्या कानात सोडावा. तेवढ्याने बंद खोलीत बसल्यासारखे वाटत नाही.

कर्णसखी

मी श्रवणतज्ज्ञ आहे. नवरात्र संपल्यानंतरच्या आठवड्यात कानात शीळ वाजते, अशी तक्रार घेऊन वादक येतात, म्हणून या धाग्यावर लिहिणे मला कर्तव्य वाटते.

कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतील ‘नायॉश’ या संस्थेने सुचवलेली मर्यादा अशी आहे की ८५ डेसिबलचा आवाज आठ तास ऐकता येतो आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ डेसिबलला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास आणि १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० नंतर ध्वनिवर्धकाला मनाई आहे आणि राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. गरबा रात्री ९ ते १२ असा तीन तास चालतो असे धरले, तर वरील हिशेबाने तुमच्या कानाला साधारण ८९ डेसिबलची सरासरी सोसते. मंचावर अ‍ॅम्प्लिफायर, ढोल आणि मॉनिटर एकत्र असताना ही सरासरी सहज ओलांडली जाते. त्यात सलग नऊ रात्री असल्यामुळे कानाला मधे सावरायलाही वेळ मिळत नाही.

इन-इयर लावले म्हणजे कान आपोआप सुरक्षित झाले, असे मात्र मुळीच नाही. नीट बसलेले इन-इयर बाहेरचा आवाज साधारण २० ते २५ डेसिबलने कमी करते, आणि या कपातीचा लाभ तेव्हाच मिळतो जेव्हा तुम्ही आतला आवाजही खाली ठेवता. बेसवादकांना येथे विशेष जपावे लागते. कमी आवाजात माणसाच्या कानाला खर्ज मधल्या स्वरांपेक्षा पुष्कळ कमी ऐकू येतो. मग वादक खर्ज ऐकू यावा म्हणून सगळाच आवाज वाढवतो आणि गायकाचा माइक व झांजा विनाकारण कानावर आदळतात. मिक्सच्या बसवर लिमिटर (ठरावीक पातळीपुढे आवाज जाऊ न देणारी सोय) लावल्याशिवाय इन-इयर कानात घालू नये. माइक हातातून पडला किंवा चालू वाहिनीत वायर खोचली गेली, तर तो दणका थेट कानाच्या पडद्यावर येतो.

ऑक्टापॅड_आणि_मी

कर्णसखी, पुष्कळ वादक एका कानात इन-इयर ठेवून दुसरा कान उघडा ठेवतात, म्हणजे मैदानही ऐकू येते. ही तडजोड कशी वाटते?

कर्णसखी

ही तडजोड मी कोणालाही सुचवणार नाही. दोन्ही कानांनी ऐकताना मेंदू दोन्हींची बेरीज करतो आणि आवाज आपोआप मोठा वाटतो. एक कान काढला की ती बेरीज जाते, उघड्या कानावर मंचाचा गोंगाट येतो आणि बंद कानातला आवाज त्यावर मात करण्यासाठी वाढवला जातो. म्हणजे एकाच वेळी दोन्ही कानांना इजा. मैदान ऐकायचे असेल तर हींचताल यांनी सांगितलेले माइक हाच योग्य मार्ग आहे.

आणखी एक गोष्ट. कानाचा साचा घेऊन खास स्वतःच्या कानाचे इन-इयर बनवणार असाल आणि तुम्ही वाजवता वाजवता झील धरत असाल, तर साचा तोंड उघडे ठेवून घ्यायला सांगा. जबडा हलला की नळीचा आकार बदलतो. मिटलेल्या तोंडाने घेतलेला साचा गाताना सुटतो आणि नेमका खर्ज नाहीसा होतो.

इंदूरी_तंतुवाद्य

इंदूरहून लिहितो आहे. आमच्याकडे लग्नातल्या संगीत संध्येत कीबोर्डवाल्याच्या लॅपटॉपवरून तयार ट्रॅक वाजतात, त्यामुळे सगळ्यांच्या कानात क्लिक (लय धरून ठेवणारी यंत्राची टिकटिक) असणे अपरिहार्य असते, आणि इन-इयरशिवाय ते शक्यच नाही. बेसवादकाने क्लिक स्वतःच्या बेसच्या मागे, जेमतेम कळेल इतका ठेवावा. अन्यथा तो ढोलकवादकाऐवजी यंत्राच्या मागे धावू लागतो. क्लिकपेक्षाही मला टॉकबॅकचा अधिक उपयोग झाला आहे. वृंदप्रमुखाला एक वेगळा माइक द्यावा आणि तो केवळ कानांत जावा. ‘अंतरा पुन्हा’, ‘पुढचे गाणे काळी तीन’, ‘ढोल एकटा’ अशा सूचना डोळ्यांच्या खुणांपेक्षा लवकर आणि चुकीशिवाय पोहोचतात.

हींचताल

टॉकबॅक अवश्य हवा, परंतु वडोदऱ्याच्या गरब्यात क्लिक नको, हे मी आग्रहाने म्हणेन. येथे एकामागून एक गरबे न थांबता गुंफले जातात, गायक वर्तुळाचा वेग पाहून लय चढवतो आणि आम्ही त्याच्या मागे जातो. ठरावीक टेम्पोला बांधलेला गरबा खेलैयांच्या पायांना लगेच कळतो. इंदूरी यांच्या संगीत संध्येचे गणित वेगळे आहे, हे मान्य.

पाचवी_तार

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण इफेक्टबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही आणि खरी मेहनत तेथेच आहे.

ओव्हरड्राइव्ह करकरीत का वाटला, याचे कारण सरळ आहे. बेसचा मोठा स्पीकर साधारण ४-५ हजार हर्ट्झच्या वरचे फारसे वाजवतच नाही. पेडलमधून निघणारी वरची खरखर आजवर तुमचा अ‍ॅम्प्लिफायरच गाळून टाकत होता. इन-इयर सगळेच वाजवते, म्हणून ती खरखर उघडी पडली. त्यावर उपाय म्हणजे पेडलनंतर कॅबिनेट सिम्युलेशन (स्पीकरच्या पेटीसारखा आवाज घडवणारी सोय) ठेवणे, किंवा निदान ४-५ हजारांच्या वर कापणारा लो-पास फिल्टर ठेवणे. टेक २१ कंपनीचा सॅन्सअ‍ॅम्प १९८९ मध्ये आला, तो नेमक्या याच गरजेसाठी: स्पीकरशिवाय थेट मिक्सरमध्ये वाजवताना अ‍ॅम्प्लिफायरचा रंग मिळावा म्हणून. आज बहुतेक मल्टिइफेक्टमध्ये ही सोय असते. ओव्हरड्राइव्हमध्ये स्वच्छ सूर मिसळण्याचे बटण असेलच याची खात्री करा, कारण स्वर फाटला की त्याचा पाया जातो आणि मैदानावर बेस अचानक गायब झाल्यासारखा वाटतो.

कॉम्प्रेसर ठेवाच, किंबहुना इन-इयरवर त्याचे महत्त्व दुप्पट होते. मी ४:१ चे प्रमाण, २०-३० मिलिसेकंदांचा अटॅक (दाब सुरू होईपर्यंतचा वेळ) आणि सर्वांत जोरकस स्वरावर ४ ते ६ डेसिबलची कपात एवढेच ठेवतो. अटॅक फार जलद ठेवला तर बोटाचा पहिला आघातच दाबला जातो, आणि ढोलाच्या काठीशी जुळण्यासाठी तोच आघात लागतो.

ऑक्टेव्हबद्दल एक नियम पाळावा. जाड तारेवरच्या ४१ हर्ट्झला ऑक्टेव्ह लावला तर २०.६ हर्ट्झ मिळतात. ते मैदानातल्या कोणालाही ऐकू येत नाहीत, सबवूफरची ताकद मात्र वाया जाते. शिवाय बहुतेक ऑक्टेव्ह पेडल्स एवढ्या खाली स्वर नीट ओळखू न शकल्याने अडखळतात. डी तारेवर सातव्या पडद्याचा ए वाजवा. तो ११० हर्ट्झचा आहे आणि त्याचा खालचा ऑक्टेव्ह ५५ हर्ट्झचा, अगदी भरीव येतो.

कोरस बेससाठी असलेलाच घ्यावा. बॉसच्या सीईबी-३ मध्ये खालचे स्वर कोरसपासून वाचवणारे बटण आहे, त्यामुळे खर्ज स्थिर राहतो आणि वरचाच भाग हलतो. तुमचा कोरस पोकळ वाटतो आहे, त्यावरून तो खर्जालाही हलवत असावा. एन्व्हलप फिल्टर मात्र गरब्यात घरी ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक आघातागणिक त्याची पातळी बदलते आणि साउंड इंजिनिअरला ती कधीच पकडता येत नाही.

शेवटी एक हाय-पास फिल्टर (ठरावीक स्वराखालचे सगळे कापणारा), ३० ते ३५ हर्ट्झवर. आणि स्वतःला नीट ऐकायचे असेल तर खर्ज वाढवू नका, ७०० ते ९०० हर्ट्झचा पट्टा थोडा वर काढा. ८२, १२३, १६४ हर्ट्झचे वरचे अंश स्पष्ट मिळाले की ४१ चा मूळ स्वर मेंदू स्वतःच भरून घेतो. कर्णसखी यांनी सांगितलेला धोका याने पुष्कळ टळतो.

ध्वनिमित्र

पाचवी_तार यांच्या नोंदीत मिक्सरच्या बाजूने तीन गोष्टींची भर घालतो.

पहिली, पातळी. प्रत्येक पॅचची (इफेक्टच्या प्रत्येक जुळवणीची) पातळी कानाने न जुळवता मिक्सरच्या मीटरवर जुळवावी. इन-इयरमध्ये ओव्हरड्राइव्ह नेहमी मोठा भासतो, म्हणून वादक तो खाली ठेवतात आणि मैदानावर त्या गाण्यात बेस पडतो. तालमीच्या दिवशी दहा मिनिटे माझ्यासारख्याबरोबर बसून हे काम उरकून घ्यावे.

दुसरी, दोन वाहिन्या. काही जण पेडलच्या आधी एक डीआय (वाद्य थेट मिक्सरला जोडणारी पेटी) आणि पेडलनंतर दुसरा डीआय देतात. विचार चांगला आहे, पण डिजिटल इफेक्टमध्ये २ मिलिसेकंदांचा विलंब जरी असला तरी दोन्ही एकत्र करताना २५० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो आणि बेस पातळ होतो. स्वच्छ वाहिनीला तेवढाच विलंब देऊन जुळवून घ्यावे लागते. साउंडवाल्याला ते सांगितले नाही तर त्याला कळण्याचा मार्ग नाही.

तिसरी, वीज. मैदानावर जनरेटर असतो आणि गुणगुण ५० हर्ट्झवर येते. जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा खालचा जी ४९ हर्ट्झचा आहे, त्यामुळे ही गुणगुण त्या स्वराशी झगडते. अ‍ॅम्प्लिफायरवर ती दबून जायची, कानात मात्र ती सतत राहते. पेडल्सना प्रत्येकी अलग आउटपुट असलेला पॉवर सप्लाय द्या, एकाच वायरीची माळ नको, आणि डीआय बॉक्सवरचे ग्राउंड लिफ्टचे बटण वापरून पाहा. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन कोणी काढायला सांगितली, तर कृपया ऐकू नका. गिटारच्या तारांना हात असतो आणि ओठ माइकजवळ असतात. हा जिवाचा प्रश्न आहे.

नाट्यसंगीतप्रेमी

मैदानाबाहेरच्या कार्यक्रमांबद्दल थोडे. अकोट्याच्या सर सयाजीराव नगरगृहात किंवा महात्मा गांधी नगरगृहात नाट्यगीतांच्या कार्यक्रमाला हल्ली बेस घेतला जातो. तेथे ऑर्गन, तबला आणि गायक इतक्या हलक्या पातळीवर असतात की इन-इयर लावलेला बेसवादक सगळ्यांपासून तुटतो. गायकाने एखादी तान अचानक लांबवली, तर ती खोलीतल्या हवेतूनच ऐकायला हवी. अशा ठिकाणी लहान फ्लोअर मॉनिटर, कॉम्प्रेसर आणि हाय-पास एवढेच पुरेसे आहे. बाकीची सगळी पेडल्स बंद असावीत. त्यामुळे इन-इयर घेतले म्हणून अ‍ॅम्प्लिफायर विकू नका, एवढेच सुचवतो.

रावपुरा_रसिक

नाट्यसंगीतप्रेमी यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. कर्णसखी यांचा हिशेब वाचल्यावर मैदानापुरता माझा विरोध मी सौम्य करतो, कारण कान गेले तर कोणताच स्वर उरणार नाही. परंतु हींचताल यांनी सांगितलेले मैदानाचे माइक ही अट म्हणून लिहून घ्यावी. पुष्कळ ठिकाणी ते माइक ऐनवेळी दुसऱ्या कामाला लावले जातात.

खर्जातला_षड्ज

सर्वांचे मनापासून आभार. काल फोमच्या टिप्स लावून पुन्हा तालीम केली आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला कानांनीच मिळाले. खालचा ई स्वच्छ आणि गोल ऐकू येतो. ढोलाच्या काठीची बाजू वेगळी मागितली, तेव्हा आमच्या ढोलीला फार आनंद झाला. पेडलबोर्डावर आता कॉम्प्रेसर, स्वच्छ सूर मिसळणारा ओव्हरड्राइव्ह, ऑक्टेव्ह आणि शेवटी कॅबिनेट सिम्युलेशन व हाय-पास असे ठेवले आहे. कोरस केवळ संथ सुरुवातीच्या स्तुतीसाठी ठेवावा की नाही, याचा निर्णय मैदानावरच्या चाचणीनंतर घेईन. एन्व्हलप फिल्टर काढला आहे.

एक प्रश्न अजून उरतो. आयोजकांकडे वायरलेस संच थोडे आहेत आणि ते गायकांना लागतील. मला वायरचा बेल्टपॅक (कमरेला लावायचे इन-इयरचे यंत्र) चालेल का, की स्वतःचा २.४ गिगाहर्ट्झचा वायरलेस संच विकत घ्यावा?

ध्वनिमित्र

वायरचाच घ्या, आणि तो नाइलाज म्हणून घेतला असे मुळीच समजू नका. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच वाय-फाय आणि ब्लूटूथ चालतात. मैदानात हजारो फोन असताना तालमीत उत्तम चालणारा संच ऐन रंगात तुटू लागतो. ब्लूटूथचे साधे इअरफोन तर विचारातही घेऊ नयेत, त्यांचा विलंब सहज १०० मिलिसेकंदांच्या पुढे जातो. तुमच्या गिटारला वायर आहेच. ऑक्झची एक्सएलआर वायर आणि गिटारची वायर चिकटपट्टीने एकत्र बांधा, कमरेला बेहरिंजर पी२ सारखा लहान हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर लावा. त्याला रेडिओ नाही, म्हणून फ्रिक्वेन्सीचे भांडण नाही आणि विलंबही नाही. वायरीला थोडा ढील ठेवा, म्हणजे वळताना कानातून ओढली जाणार नाही.

कारेलीबागकर

त्याबरोबर एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे नवरात्रात रात्रीही उकाडा असतो आणि घाम कानामागच्या वायरीवरून थेट टिपपर्यंत उतरतो. फोम भिजला की घसरतो आणि खर्ज पुन्हा जातो. टिप्सच्या दोन जोड्या सोबत ठेवा, आरतीच्या वेळी मिळणाऱ्या विश्रांतीत जोडी बदला आणि घरी आल्यावर नळीच्या तोंडावरची जाळी कोरड्या मऊ ब्रशने साफ करा. बेल्टपॅकची बॅटरीही रोज नवी घाला. अर्धी वापरलेली बॅटरी तालमीला ठेवा.